धास्तीनंतरची तपासणी : तुमचे अनुभव

कंडोम फाटला, सरकला किंवा वापरलाच गेला नाही, आणि मग जीव टांगणीला. अशा वेळी कोणती तपासणी केलीत, कधी केलीत, डॉक्टरांनी काय विचारलं? नाव-गाव नको, अनुभव लिहा. ज्यांना फक्त उपदेश करायचाय त्यांनी कृपया वाचनमात्र राहावं.

*

कंडोम फाटला होता. सकाळी उठून थेट दवाखाना गाठला, म्हटलं एचआयव्हीची तपासणी करा. डॉक्टरांनी विचारलं, कधीची गोष्ट? कालची. "मग आजचा रिपोर्ट कालचं काही सांगणार नाही, त्याआधीचं सांगेल." तरी रक्त घेतलंच, कारण पेप सुरू करायचं होतं. म्हणजे संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या. ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस चुकवायच्या नाहीत. असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला मळमळलं, बाकी त्रास नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा रक्त दिलं, निगेटिव्ह. पण त्यानंतरही एक तपासणी उरते, ती टाळू नका.

*

मला काहीच होत नव्हतं. ना जळजळ, ना स्राव. जोडीदाराचाच मेसेज आला, "मला क्लॅमिडिया निघालाय, तूही तपासून घे." (म्हणजे संबंधांतून पसरणारा जिवाणू संसर्ग.) तेव्हा संतापले होते. पण न कळवता गप्प बसला असता तर मला कधी कळलंच नसतं. नर्सने स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी) हातात दिला, बाथरूममध्ये जाऊन आपला आपणच घ्यायचा. (मी उगाच तपासणीच्या टेबलाची धास्ती घेतली होती.) पॉझिटिव्ह. गरोदर नाही ना, हे आधी विचारून मग डॉक्सिसायक्लिन दिलं, ७ दिवस. तोवर संबंध बंद. तीन महिन्यांनी परत बोलावलंय, कारण हा पुन्हा होऊ शकतो.

*

लॅबमध्ये काम करते. क्लॅमिडिया आणि गनोरिया (हाही संबंधांतून पसरणारा संसर्ग) यांसाठी लघवीची पहिली धार लागते, आणि त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. लोक सवयीने मधली धार भरून आणतात.

*

लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, गनोरिया घशात. मी पुरुष, जोडीदारही पुरुष, संबंध तोंडावाटे. हे स्पष्ट सांगितलं म्हणून घशाचा स्वॅब घेतला गेला. नुसतं "सगळं तपासा" म्हटलं असतं तर घसा राहूनच गेला असता.

*

माझं सिफिलिस. जखम दुखत नव्हती आणि आपोआप भरलीही. डॉक्टर म्हणाले, जखम जाते, आजार आत राहतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं, आता व्हीडीआरएल या रक्ततपासणीचा आकडा उतरतोय. टीपीएचए ही दुसरी रक्ततपासणी मात्र बहुधा कायम पॉझिटिव्हच येणार, म्हणून जुने रिपोर्ट जपून ठेवलेत.

*

४५ दिवस उलटल्यावर एचआयव्हीची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी दोन्ही शोधणारी) तपासणी केली, निगेटिव्ह. तरी झोप लागत नाही. पुरेसं आहे ना?

*

वरची लॅबवालीच. रक्त शिरेतून घेतलं की बोटाला टोचून? शिरेतून घेऊन लॅबमध्ये तपासलं असेल आणि पेप घेतलं नसेल, तर ४५ दिवस पुरतात. बोटाला टोचून केलेली झटपट तपासणी असेल तर ९० धरा.