नाळेपाशी (जहाजाच्या पुढच्या टोकाशी) पट्ट्या चढायला लागल्यात, उखडू की तशाच पुढे जाऊ? (लाकडी मॉडेल, त्रिंकोमाली, १:६४)

गलबतवेडा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आधी गलबतांची दोन छोटी मॉडेलं किटमधून केली होती, आता पहिल्यांदाच किटशिवाय करतोय. एचएमएस त्रिंकोमाली, १८१७ ला जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका. हीच का, तर तिची गोष्टच डोक्यातून जात नाही. इंग्लंडहून निघालेले तिच्या बांधणीचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत, ते ज्या जावा नावाच्या जहाजावर होते ते १८१२ च्या डिसेंबरात कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकन युद्धनौकेने लढाईत पकडलं आणि जाळून टाकलं, मग नकाशे पुन्हा नव्याने पाठवावे लागले. आणि एवढं होऊन बांधलेलं ते जहाज आज दोनशे वर्षांनी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. असं काहीतरी आपल्या हाताने एकदा करून बघावं असं फार वाटत होतं.

मूळ जहाजाचा गनडेक, म्हणजे तोफांचा मजला, साधारण १५० फूट लांब, म्हणजे माझा सांगाडा ७१ सेंटिमीटर आणि रुंदी १९ च्या आसपास. प्लायचे बल्कहेड (आडवे फासळीसारखे तक्ते) कापून कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, बसवले, त्यावर पहिला थर लाइमवुडच्या पट्ट्यांचा, दीड मिमी जाड आणि पाच मिमी रुंद. वरून अक्रोडाचा पातळ थर येणार.

आता अडचण. तोफांच्या खिडक्यांखाली तो जाड पट्टा असतो ना, तिथून खाली कीलकडे येत दोन्ही बाजूंना नऊ नऊ पट्ट्या लावल्या. मध्ये मस्त बसल्यात, पण पुढे नाळेपाशी सहाव्या पट्टीपासून खालची कड उचलली जातेय, बोट फिरवलं की पायरी लागते, नवव्या पट्टीला तर नख आत जातं. मागे सुकाणूकडे उलटंच, तिकडे फट पडत चाललीय. पट्ट्या मी निमुळत्या केल्याच नव्हत्या, सरसकट पाच मिमी लावत गेलो. पांढऱ्या वुड ग्लूने चिकटवलंय, दोन महिन्यांचं काम आहे. उखडू का, की पुट्टी भरून पॉलिश पेपर मारून पुढे जाऊ?

अजून एक, दोरांच्या तक्त्यात एका दोरापुढे ८ इंच लिहिलंय. १:६४ ला ते ३ मिमीच्या वर जातंय, म्हणजे सुतळीच झाली की. कुठे चुकतंय?

रंधा_कानस:
उखडू नकोस रे बाबा. पहिला थर दिसतोच कुठे, तो फक्त आकारासाठी असतो. पुट्टी भर, वाळू दे, १२० चा पेपर ठोकळ्याला गुंडाळून घास, वर अक्रोड आला की कोणाला कळणार पण नाही. माझ्या पहिल्या जहाजाला नाळेजवळ लाकूड कमी नि पुट्टी जास्त होती, आज कपाटात दिमाखात उभं आहे.

लाकूड_बोलतं:
मी थोडा वेगळ्या मताचा आहे. पायरी घासता येते हे खरं, पण पट्टी दीड मिमीचीच आहे, नख आत जातंय म्हणजे पाऊण एक मिमी तरी उचललीय, तेवढं घासलं तर त्या जागी लाकूड उरतंच किती? आणि खालच्या पट्ट्यांचं काय, त्या याहून जास्त चढणार.

गलबतवेडा, आधी एक काम करा. कागदाची अरुंद पट्टी घ्या, सगळ्यात रुंद बल्कहेडवर त्या जाड पट्ट्याच्या खालच्या कडेपासून कीलपर्यंत कडेकडेने दाबून धरा आणि खूण करा. तसंच नाळेला आणि तसंच मागे. तिन्ही मापं इथे टाका, मग उखडायचं की नाही ते आपोआप कळेल. हे खरं तर पहिली पट्टी लावायच्या आधीच करायचं असतं. तुम्हाला टोचून बोलत नाहीये, मला स्वतःला हे तिसऱ्या मॉडेलला कळलं.

गलबतवेडा:
मोजलं. मध्ये १४० मिमी, नाळेला ९५, मागे १५०.

लाकूड_बोलतं:
झकास, आता बघा. मध्ये १४० म्हणजे पाच मिमीच्या २८ पट्ट्या. त्याच २८ नाळेला ९५ मध्ये मावल्या पाहिजेत, म्हणजे प्रत्येकीला तिथे जेमतेम ३.४ मिमी. तुम्ही नऊ पट्ट्यांनी ४५ खाल्लेत, उरले ५० आणि पट्ट्या उरल्या १९, म्हणजे प्रत्येकी २.६. साधारण नियम असा की टोकाला पट्टी निम्म्याहून बारीक करायची नाही, म्हणजे अडीचच्या खाली नको, नाहीतर टोक तुटतं आणि चिकटायला जागाच उरत नाही. तुम्ही अगदी काठावर आहात, म्हणून सगळं उखडायची गरज नाही.

वरच्या पाच राहू द्या, त्यांना पायरी नाहीये. खालच्या चार काढा. मग नाळेला ७० मिमी आणि २३ पट्ट्या, प्रत्येकी ३ मिमी, आरामात होईल. काढताना पाणी नको, प्लाय फुगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने सांध्यावर लावा, दहापंधरा मिनिटं थांबा, परत लावा, मग कटरचं पातळ पातं हळूच सरकवा, पांढरा ग्लू रबरासारखा होऊन सुटतो. ओढायचं नाही अजिबात.

नवीन पट्टी लावताना कोरडीच टेकवून बघायची, दाबायची नाही, तिला जायचं तिकडे जाऊ द्यायचं. आदल्या पट्टीवर जिथे चढते तिथून निमुळतं करायला सुरुवात. स्टीलची पट्टी आणि कटरने कापा, मग चिमट्यात धरून छोट्या रंध्याने कड साफ करा. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बाक द्यायचा, क्लॅम्प लावून रात्रभर तिथेच वाळू द्यायची आणि मगच ग्लू. ओली चिकटवली की वाळताना आकसते आणि फट पडते. एक पट्टी डावीकडे की लगेच एक उजवीकडे, एकाच बाजूला चार लावल्या तर कील पिळतो आणि तो पीळ नंतर कशाने जात नाही.

मागे १५० म्हणजे पाच मिमीने २८ पट्ट्या कमी पडणार, १० मिमी उरतात. तिथे पट्ट्या ताणून बसवायच्या नाहीत, दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारखे तुकडे घालायचे. खऱ्या जहाजांनाही घालायचे.

अजून एक बघा, नाळेजवळच्या पहिल्या दोन बल्कहेडच्या कडा तिरक्या घासल्यात का? पट्टी बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे, नुसत्या कोपऱ्यावर टेकत असेल तर तिथेच उचलली जाणार. सहाव्या पट्टीपासून एकदम सुरू झालंय म्हणून विचारतोय.

शीडदोरी:
दोराचं उत्तर मी देते. जुन्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, जाडीचं नाही! ८ इंच घेर म्हणजे जाडी अडीच इंच, म्हणजे साधारण ६५ मिमी, १:६४ ला बरोबर १ मिमी. सगळ्या तक्त्याला आधी ३.१४ ने भागून घ्या, मग स्केल लावा. मी एका मॉडेलला जाडी समजून दोर ओढले होते, सगळे कापून परत करावे लागले, वर्ष गेलं त्यात. डोलकाठ्या ताणून धरणारे दोर डांबरलेले असायचे म्हणून काळपट घ्या, शिडं ओढायचे दोर फिके. मेण लावून घेतलं की दोऱ्याचे केस बसतात.

आणि एक विचारायचं होतं, खाली तांब्याचे पत्रे लावणार आहात का? तिथे अक्रोड देणार का?

गलबतवेडा:
ताई, खूप आभार, घेराचं डोक्यातच आलं नव्हतं. हो, पाण्याखालच्या भागाला तांबं लावायचंय, आणि तिथे अक्रोड देणार नव्हतो, पहिल्या थरावरच पत्रे.

शीडदोरी:
मग तर ते चार काढाच. खरे पत्रे ४ फूट बाय १४ इंच, तुमच्या स्केलला १९ बाय साडेपाच मिमीचे तुकडे. त्या पातळ फॉइलखाली केसाएवढी पायरीसुद्धा उजेडात दिसते, पुट्टीचा खड्डा तर लगेच. पत्रे मागून पुढे लावत या, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर येते आणि पाणी कडेत शिरत नाही.

हार्टलपूलचे फोटो बघून मागची बाजू करत असाल तर थांबा. १८४५ ला तिच्या तोफा कमी केल्या आणि मागचा आकारही बदलला, आज उभी आहे ती त्या बदलानंतरची. १८१७ ची करायची तर मागची बाजू नकाशावरूनच घ्या.

रंधा_कानस:
तांबं असेल तर माझं म्हणणं मागे घेतो, मी अक्रोड धरून चाललो होतो. काढ त्या चार.

गलबतवेडा:
बारा दिवसांनी लिहितोय. चारही काढल्या, दोन्ही बाजूंच्या मिळून आठ, एक तुटली, बाकी अख्ख्या सुटल्या. आणि लाकूड_बोलतं यांनी विचारलं तेच निघालं, दुसऱ्या बल्कहेडची खालची कड मी घासलीच नव्हती, पट्टी नुसत्या कोपऱ्यावर बसत होती. ती घासली, पहिल्या दोन बल्कहेडच्या मध्ये बाल्साचे ठोकळे भरून आकार दिला आणि आधी प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलने सगळ्या २३ खुणा मारल्या. त्यालाच दोन संध्याकाळी गेल्या. काल अकरावी पट्टी बसली. नाळेपाशी डोळे मिटून बोट फिरवलं, सांधा कुठे आहे ते कळलं नाही. आज तिच्या जोडीची उजवीकडची भिजत घातलीय. मागची बाजू नकाशावरून परत काढतोय, काढून झाली की इथेच टाकतो, ताई बघून सांगा.