ॲडमिट पेशंटची सिगारेट सोडवणं हे हॉस्पिटलचं काम आहे का?

आळशी_बोका:
मागच्या महिन्यात वडील पाच दिवस ॲडमिट होते, छातीत दुखलं आणि स्टेंट टाकावा लागला. चाळीस वर्षांची सिगारेट, दिवसाला एक पाकीट. दुसऱ्या रात्री जाम अस्वस्थ, सिस्टरवर खेकसतायत, झोप नाही आणि हात सारखा छातीकडे. मला वाटलं परत दुखतंय, धावत जाऊन सिस्टरला बोलावलं. मग ट्यूब पेटली की बाबा शर्टाचा खिसा चाचपतायत, आणि हॉस्पिटलच्या झग्याला खिसाच नाही. सकाळी राऊंडला सांगितलं तर म्हणे "आता सोडा म्हणावं त्यांना". झालं. फाईलवर 'स्मोकर' लिहिलेलं, पुढे काही नाही. दुखलं की पेनकिलर देता, शुगर वाढली की इन्सुलिन देता, मग या तलफेलाच काही का नाही? माझं मत, भरती होतानाच विचारावं आणि नको म्हणणारे सोडून बाकी सगळ्यांना निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) नाहीतर निकोटिनचं च्युइंगम चालू करावं.

जुनी_खोड:
अजिबात पटलं नाही. मी ओढतो, हे आधीच सांगतो. हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो होतो तेव्हा तीन वेगवेगळ्या लोकांनी लेक्चर दिलं, ऑपरेशन पोटाचं आणि सगळे बोलतायत फुफ्फुसावर. माणूस आधीच घाबरलेला असतो, हलता येत नाही, तेव्हाच गाठायचं? आणि निकोटिन सोडवायला निकोटिन म्हणजे आगीतून फुफाट्यात.

नाईट_ड्युटी:
वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. लेक्चर कोणालाच नको, आम्हालाही द्यायला वेळ नाही. पण निकोटिनचं गणित वेगळं आहे. तलफ लावतं ते निकोटिन, हे खरं, पण मारतो तो धूर. पॅचमध्ये टार (धुरातला चिकट काळा थर) नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि निकोटिन हळूहळू चढतं त्यामुळे झुरक्यासारखा झटका बसत नाही. सोडल्यावर सगळ्यात वाईट पहिले दोनतीन दिवस, म्हणजे नेमके वॉर्डातले. मग काय होतं, पेशंट सलाईनच्या स्टँडसकट जिन्यात जातो, हात खाली लोंबतो, नळीत रक्त उलटं येतं आणि परत आल्यावर म्हणतो जरा पाय मोकळे करत होतो. वास सांगतो ना सगळं! ऑक्सिजनवरच्या माणसाने हेच केलं तर तोंड भाजतं.
आणि दादा, हर्नियाला धुराचा संबंध आहे बरं का. जखम उशिरा भरते, खोकला सुटला की टाक्यांवर ताण. ऑपरेशनच्या साधारण ४ आठवडे आधी सोडली तर त्रास कमी होतात हे डब्ल्यूएचओने २०२० मध्ये मांडलंय. सांगायची पद्धत चुकली असेल, मुद्दा नाही.

मुक्ताफळे:
स्टेंट टाकलेल्या माणसाला निकोटिन? वा. आणि मुळात हे सगळं स्मशानवैराग्य आहे. पलंगावर पडल्यावर प्रत्येक जण सोडतो, घरी गेला की आठवड्यात परत चालू. सिस्टर लोकांना आधीच श्वास घ्यायला वेळ नाही, त्यात हे.

नाईट_ड्युटी:
ताज्या अटॅकमध्ये जपूनच, आणि ते डॉक्टर ठरवतात. पण तो जिन्यात जाऊन जी ओढणार आहे तिच्यातही निकोटिनच आहे, वर कार्बन मोनॉक्साइड फुकट.

औषधांच्या_गोष्टी:
स्मशानवैराग्य शब्द अगदी चपखल आणि अभ्यासही तेच सांगतात. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते, तिच्या आढाव्यात आलंय की वॉर्डात समुपदेशन सुरू करून घरी गेल्यावर किमान महिनाभर पाठपुरावा केला तर सोडणारे वाढतात, नुसतं वॉर्डापुरतं बोललं तर फारसा फरक नाही. कॅनडात ओटावाच्या हार्ट इन्स्टिट्यूटने २००२ पासून हेच बसवलं, भरती होताना प्रत्येकाला विचारायचं, औषध द्यायचं, डिस्चार्जनंतर फोन. इंग्लंडच्या एनएचएसनेही (तिथली सरकारी आरोग्यसेवा) २०१९ च्या प्लॅनमध्ये भरती होणाऱ्या प्रत्येक स्मोकरला उपचार देऊ असं लिहिलंय.
अजून एक, ज्याकडे कोणी बघत नाही. टारमुळे लिव्हर काही औषधं भराभर संपवतं, उदा. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारातलं क्लोझापिन. वॉर्डात सिगारेट बंद झाली की त्याच डोसला रक्तातली लेव्हल वाढते. म्हणजे पेशंटला सोडायची असो नसो, हॉस्पिटलला माहीत असायलाच हवं.

जुनी_खोड:
हे औषधाचं माहीत नव्हतं, मान्य. तरी 'नको म्हणेपर्यंत चालू' हे डोक्यात जातं. एकदा विचारा, नाही म्हटलं की विषय बंद. आणि विचारता कसं, तर बायको, मुलगी उभी असताना. मी "दिवसाला दोन" सांगितलं. खरा आकडा इथेही लिहीत नाही.

नाईट_ड्युटी:
हा मुद्दा घेतला. नातेवाईकांना बाहेर पाठवूनच विचारायला पाहिजे. आणि आकडा सोडा, मी विचारते उठल्यावर पहिली किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर व्यसन घट्ट, तिथे ४ मिग्रॅचं च्युइंगम लागतं, नाहीतर २. ते पण कचाकचा चावायचं नाही, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं. लोक साध्या गमसारखं चघळतात, उचक्या लागतात आणि म्हणतात उपयोग नाही.

मुक्ताफळे:
पण ते फोन करणार कोण? हा प्रश्न तसाच आहे. माणसं न वाढवता नियम केला की नुसती फॉर्मवर टिकमार्क. माझं मत बदललेलं नाही.

आळशी_बोका:
फोन कोणाचा आला नाही हे खरंय. डिस्चार्ज पेपर तीन पानी, कुठली गोळी जेवणाआधी कुठली नंतर सगळं लिहिलेलं, आणि शेवटच्या पानावर तळाशी 'धूम्रपान टाळा'. बाबांनी एकोणीस दिवस टाळलं. विसाव्या दिवशी गॅलरीचं दार आतून उघडेना तेव्हा कळलं. आता दिवसाला चार म्हणतात. मंगळवारी फॉलोअप आहे, पॅचचं आणि सिगारेट सोडवायच्या गोळीचं दोन्ही विचारायला सांगितलंय. मी बाहेर थांबणार आहे.