शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्विड कापायचा की नाही?

खडूफळा
मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मृदुकाय प्राण्यांचा धडा आला की दरवर्षी मुलांकडून स्क्विडचं, म्हणजे म्हाकुळाचं विच्छेदन करून घेते. यंदा एका पालकांनी लेखी हरकत घेतली: मेलेला जीव आणि कात्री मुलांच्या हातात देऊन तुम्ही नेमकं काय शिकवता? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

प्रावार, म्हणजे बाहेरची मांसल पिशवी, नरसाळ्याच्या (पाणी बाहेर फेकणाऱ्या नळीच्या) बाजूने, म्हणजे पोटाकडून उघडायची. कात्रीचं टोक वर उचलून धरायचं, नाहीतर शाईची पिशवी फुटते आणि पुढचं काही दिसत नाही. आत पिसांसारखे दोन कल्ले, प्रत्येकाच्या बुडाशी एक छोटं हृदय, आणि तिसरं मधोमध. पुस्तकात वाचलेली ‘तीन हृदयं’ परीक्षेनंतर विसरली जातात, पण बोटाने चाचपून शोधलेलं तिसरं हृदय लक्षात राहतं. मग मानेजवळ पाठीच्या कडेला एक कडक टोक हाताला लागतं. ते चिमटीत धरून हळूच ओढलं की कायटिनची (कीटकांच्या कवचात असतो त्या पदार्थाची) पारदर्शक, लांबट पट्टी अखंड बाहेर येते. मागच्या वर्षी एका मुलीने ती त्याच्याच शाईत बुडवून आपलं नाव लिहिलं आणि विचारलं, "बाई, हा याचा शंखच ना, आत गेलेला?" खरंच तसं आहे. गोगलगाय आणि स्क्विड एकाच संघात का, हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत होते. तिने ते हातातल्या वस्तूवरून ओळखलं.

पाऊलवाट
ठाम असहमत. हे सगळं चांगल्या व्हिडिओत दिसतं, हवं तितक्या वेळा थांबवून बघता येतं.

मला शाळेत बेडूक कापायला लावला होता. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते. नको म्हटलं तर मार्क जातील, असं उत्तर मिळालं. त्या तासातला एकही अवयव आज आठवत नाही, टाचण्या मारून ताणलेले पाय तेवढे आठवतात. बाई, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीशेजारी असं एखादं मूल गप्प उभं नसेल कशावरून?

आणि स्क्विड म्हणजे कुणी ऐरागैरा जीव नव्हे. जखम झाली की जखमेपुरतंच नाही, त्याचं सगळं अंग स्पर्शाला हळवं होतं, हे प्रयोगांत दिसलंय. युरोपीय संघाने 2010 च्या निर्देशात शीर्षपाद प्राण्यांना, म्हणजे स्क्विड-ऑक्टोपसच्या गटाला, संरक्षण दिलं, ब्रिटनने 2022 च्या कायद्यात त्यांना संवेदनक्षम मानलं. कायदा बदलला, शाळा कधी बदलणार?

भरतीओहोटी
युरोपचा तो निर्देश जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आहे. मेलेल्या नमुन्याचं विच्छेदन त्याने अडत नाही.

दुसरं, ज्या मज्जातंतूंमुळे वेदना कळते ते आपल्याला समजले तेही याच प्राण्यामुळे. स्क्विडचा महाअक्षतंतू, म्हणजे मज्जापेशीचा संदेश वाहून नेणारा जाड धागा, जवळपास 1 मिलिमीटर जाड असू शकतो. प्राणीशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी त्यात इलेक्ट्रोड घालून मज्जासंदेश कसा धावतो ते मोजलं, 1952 मध्ये सिद्धांत मांडला आणि 1963 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. प्रावाराच्या आतल्या बाजूला चांदणीसारखी पसरलेली मज्जातंतूंची जाळी शाळेतही दाखवता येते.

पाऊलवाट
हॉजकिन-हक्सलींसमोर असा प्रश्न होता, ज्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. वर्गात उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं. दोन्ही एकाच तागडीत कसं घालता? आणि ‘तो मेलेलाच होता’ हे मला पटत नाही. दरवर्षी वर्गासाठी नमुने मागवले की तीही मागणीच.

काचपट्टी
दोघांनीही न काढलेला मुद्दा: मृदुकाय प्राण्यांची ॲलर्जी असलेली मुलं असतात. आधी विचारायलाच हवं. लेटेक्सचे हातमोजे काहींना चालत नाहीत, नायट्राइलचे ठेवा. फॉर्मॅलिनची तर गरजच नाही, गोठवून ठेवलेला नमुना वितळवून त्याच दिवशी वापरता येतो.

खडूफळा
आम्ही गोठवलेलेच नमुने वापरतो. ॲलर्जीचं मात्र मी आजवर फक्त तोंडी विचारत आले, ते चुकलं. आता घरून लिहून घेईन.

पाऊलवाट, व्हिडिओला मी कमी लेखत नाही, आदल्या दिवशी दाखवतेच. पण डोळ्यातलं भिंग काढून छापील कागदावर ठेवलं आणि खालची अक्षरं मोठी झाली, की मुलं ते भिंग एकमेकांच्या तळहातावर देत राहतात. ते पडद्यावर होत नाही. अन्ननलिका मेंदूच्या मधल्या भोकातून जाते, म्हणून चोचीने बारीक तुकडे करूनच गिळावं लागतं, हेही सुई घालून पाहिलं की सांगावं लागत नाही. त्यामुळे तास मी बंद करणार नाही. सक्ती मात्र काढून टाकते. नको असेल त्याला प्रतिकृती आणि आकृती, मार्क तेवढेच.

पाऊलवाट
तास चुकीचा आहे हे माझं मत कायम. पण एक सांगा, नको म्हणणाऱ्या मुलाला सगळ्या वर्गासमोर हात वर करावा लागणार का? मला करावा लागला होता.

खडूफळा
नाही. आदल्या दिवशी सगळेच चिठ्ठी देतील, हो म्हणणारेही. घडी घालून, माझ्या हातात.