तोंड गप्प असतं तेव्हा शरीर काय बोलतं? तुमचे अनुभव सांगा

माझे बाबा काळजीत असले की पेपरची घडी घालतात. उघडतात, परत घालतात, कडा नखाने दाबतात. तोंडाने मात्र "काही नाही गं". हे माझ्या लक्षात यायला तिशी उलटावी लागली. आजीच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर ते रिपोर्टच्या पाकिटाची तशीच घडी घालत बसले होते आणि ते बघून मला एकदम लहानपणीच्या कितीतरी संध्याकाळी आठवल्या.

आपल्या भाषेत हे सगळं आधीपासूनच आहे बघा, पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, हातपाय गार पडणं. मला वाटायचं या नुसत्या म्हणायच्या गोष्टी, पण भीती वाटली की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणजे बोटं खरंच गार पडतात.

तर असं कुणाचं काही ओळखलंत का, किंवा साफ चुकीचं ओळखलंत का, ते लिहा. चुकलेलं असेल तर जास्त लिहा.

---

मी बँकेत काउंटरवर होते, बावीस वर्षं. पेन्शनच्या तारखेला एक आजोबा यायचे, त्यांची सही कधीच जुळायची नाही. मी स्लिप परत द्यायचे, ते परत करायचे, मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायची, कोणीतरी "आवरा की काका" म्हणायचं आणि तिसरी सही पहिलीपेक्षा वाईट यायची. मला वाटायचं वयामुळे हात थरथरतोय, अंगठा घ्यावा लागणार आता. एकदा लाइट गेली म्हणून काम थांबलं, रांग पांगली, आजोबा कोपऱ्यातल्या टेबलावर बसून भरायच्या स्लिपवर सही करत होते आणि ती अगदी रेकॉर्डसारखी, वळणदार! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हात थरथरतोय तो आमच्या सगळ्यांच्या बघण्यामुळे. पुढच्या महिन्यापासून मी त्यांना आधी बसवायचे, सही करताना मुद्दाम ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहायचे. परत कधी सही चुकली नाही त्यांची. इतकी वर्षं मी त्या माणसाला रांगेसमोर तीन-तीनदा सही करायला लावली याचं मला आजही वाईट वाटतं.

---

आमच्याकडे भांड्यांच्या आवाजावरून कळतं. नुसती ताटं वाजली तर थोडक्यात आहे, कुकरचं झाकण आपटलं की मी मुकाट्याने भाजी निवडायला बसतो. आई रागावली तरी असंच करायची, बायकोचंही तेच.

---

चुकलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गातले पैसे हरवले, एक पोरगा खाली मान घालून उभा, विचारलं तर नजर वर करेना. मी म्हटलं, माझ्या डोळ्यात बघून सांग. नाहीच बघितलं. मी ठरवून टाकलं की यानेच घेतले, आणि सगळ्यांसमोर बोललो. पैसे दोन दिवसांनी दुसरीकडेच सापडले. त्याच्या घरी गेलो तर आजी म्हणाली, गुरुजी, मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावायचा नाही असं आम्हीच शिकवलंय त्याला. मी पण तसाच वाढलोय हो, माझ्या वडिलांसमोर मी कधी मान वर केली होती? त्याची माफी वर्गातच मागितली. तेव्हापासून खाली बघणाऱ्या पोराला बाजूला घेतो, शेजारी बसतो, दोघंही मैदानाकडे बघत बोलतो. बोलतात मग.

---

मी जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. आपण मान डोलावतो ना, डावी-उजवीकडे, ऐकतोय या अर्थाने? माझ्या टीम लीडला सहा महिने वाटत होतं की मी त्याच्या प्रत्येक प्लॅनला नकार देतोय. आणि वरून "हो हो" म्हणायचो, त्यामुळे तो अजूनच गोंधळायचा. शेवटी त्यानेच विचारलं. विचारलं म्हणून बरं.

---

वरचे अनुभव वाचून एक सांगावंसं वाटलं. संवादातला ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाजाचा असतो असं ट्रेनिंगमध्ये सर्रास सांगतात, तो आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून आलाय. ते प्रयोग सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून, समोरच्याला आपण आवडतो की नाही एवढ्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. गुरुजींच्या वर्गातल्या पोराचं काय झालं ते बघता हे माहीत असलेलं बरं.

---

नर्स आहे, २०२० मध्ये कोविड वॉर्डात होते. पीपीई किटमध्ये आमचा चेहराच दिसायचा नाही, पेशंट घाबरायचे, रात्री तर जास्तच. मग आम्ही छातीवर मार्करने नाव लिहायला लागलो. एक आजी म्हणायच्या, तू हसलीस की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, मला कळतं. नंतर कळलं की फ्रान्सच्या द्युशेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ सालीच लिहून ठेवलंय, मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आखडतो आणि तो सहसा ठरवून हलवता येत नाही. त्या दिवसांत दमून खोटं हसले की आजींना लगेच समजायचं, "आज जेवली नाहीस ना?" आजी बऱ्या होऊन घरी गेल्या.

---

सगळ्यांचे खूप आभार. गुरुजी, तुमचा अनुभव मी दोनदा वाचला. बँकवाल्या ताईंचं वाचून झाल्यावर बाबांना फोन लावला. बोलत होते नेहमीसारखंच, पाऊस, शेजारी, पाण्याची वेळ, पण मागे पेपरचा आवाज येत होता, घडी घातल्याचा. म्हटलं बाबा, पेपर ठेवा आणि सांगा. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, डाव्या डोळ्याने तीन महिने झाले नीट दिसत नाहीये. उद्या सकाळची गाडी पकडतेय.