जुन्या घरात ओट्यावर आणखी दोन नळ

प्रश्न: पाइप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी), अर्धा इंची. फिल्टर आणि डिशवॉशरसाठी वेगळे नळ हवेत. आत्ताच बाथरूमचा नळ सोडला की सिंकची धार करंगळीएवढी होते. त्याच लाइनला टी (फाटा काढायचा तीन तोंडी जोड) टाकू का?

उत्तर १: आधी एक जोड उघडून आत डोकावा. आमच्याकडे पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलं होतं, बाकी गंज. त्याला आणखी फाटे फोडून काय मिळणार? टाकीपासून पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिक पाइपची) लाइन ओढली, भिंतीवरूनच. दिसते वाईट, पण टाइल्स वाचल्या.

उत्तर २: पान्हा जपून! आमचा भिंतीतला एल्बोच (वळणाचा जोड) तुटला. आणि प्रत्येक नळाला वेगळा अँगल कॉक (तेवढ्याच नळाचं पाणी बंद करायची छोटी तोटी) घ्याच.

प्रश्नकर्ता: उघडला. पेन्सिल कसली, काडेपेटीची काडी अडकली! नवी लाइनच टाकतो.