मुलाच्या वडिलांना ३०२ लागली होती. गुन्हेगारी रक्तात उतरते का? (मदत हवी, अर्जंट)

केजचा_भाऊ:
बहिणीची सोयरीक जमली. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. गुरुवारी सुपारी फुटायची आन् चुलत्यांनी बैठकीत विषय काढला. बापाला ३०२ लागली होती, खाण तशी माती, पोरगी देऊ नका म्हणायलेत. घरात दोन तट पडलेत. मला एवढंच सांगा, अशी डीएनए टेस्ट लातूरला किंवा संभाजीनगरला कुठं होते, रिपोर्ट किती दिवसांत येतो? प्रवचन नको.

मांजराकाठ:
गुन्हेगारीची टेस्ट कुठंच होत नाही. खून कशावरून झाला, मुलगा तेव्हा केवढा होता, वाढला कुणाजवळ? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

जमादार_निवृत्त:
उभी नोकरी खात्यात गेली माझी. आजा, बाप, नातू तिघंही एकाच ठाण्याच्या रजिस्टरला पाहिलेत. पुस्तकं काही म्हणोत, रक्त बोलतंच. माझं ऐका, थांबा.

विज्ञानबाई_अंबाजोगाई:
जमादारसाहेब, इटलीचा डॉक्टर लोम्ब्रोसो १८७६ मध्ये हेच म्हणाला होता. जबडा, कान, कपाळ पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं त्याचं मत. इंग्लंडात गोरिंगनं सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेतली. १९१३ मध्ये निष्कर्ष आला, असा वेगळा शरीरसाचा नाही. आता जनुकांचं. एमएओए हे जनुक बंद पडल्यामुळं एका डच कुटुंबातले काही पुरुष आक्रमक वागत होते, ते १९९३ मध्ये सापडलं. पण ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो. म्हणजे बापाचं ते जनुक मुलात उतरतच नाही!

तेरचा_पाहुणा:
मग वाय मधून उतरत असंल की. १९६५ मध्ये स्कॉटलंडात कैदेतल्या मनोरुग्णांत दोन वाय असलेले पुरुष जास्त सापडले होते, मी वाचलंय.

विज्ञानबाई_अंबाजोगाई:
सापडले. पण तो जादा वाय घराण्यातून चालत येत नाही, शुक्रपेशी तयार होताना चूक झाली की येतो. आणि पुढं १९७६ मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात ते पुरुष जास्त हिंसक असल्याचं दिसलं नाही.

पालावरचा:
जमादारसाहेब, त्या रजिस्टरचं मी सांगतो. मी पारधी आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तरी आमच्याकडं चोरी झाली की गाडी आधी पालावर येते. बापाला नेलं, मग मोठ्या भावाला. दोघांची नावं रजिस्टरला चढली. उचलताना कुणी रक्त तपासलं नव्हतं, आडनाव विचारलं होतं. हे 'रक्तात आहे' ऐकलं की जीव जळतो हो.

जमादार_निवृत्त:
मी तुमच्या समाजाबद्दल बोललोच नाही. पालावरच्या लेकरांना शाळेत घालायला मी स्वतः हेडमास्तरशी भांडलोय. विषय सोयरिकीचा आहे.

परळी_वैजनाथ:
भाऊ, टेस्ट करायचीच तर दोघांची थॅलेसेमियाची करा. आमच्या नात्यात केली नाही, आता लेकराला सारखं रक्त चढवावं लागतंय.

केजचा_भाऊ:
ते नंतर बघू. बांधावरून भावकीत मारामारी झाली, कुऱ्हाड लागली, समोरचा गेला. जन्मठेप भोगून आले, आता वारलेत. मुलगा तेव्हा अंगणवाडीत होता. आजोळी औशाला वाढला, डेअरीत सुपरवायझर आहे.

मांजराकाठ:
हे आधी सांगायचं ना! मग तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा अभ्यास डेन्मार्कचाच. १४,४२७ दत्तक मुलामुलींच्या नोंदी, १९८४ मध्ये छापला. जन्मदात्यांवर आणि दत्तक पालकांवर काहीच नव्हतं अशा मुलग्यांत १३.५ टक्क्यांना शिक्षा झाली होती. फक्त जन्मदात्याला शिक्षा झालेली असली तर २०. म्हणजे वारशाचा काही वाटा दिसतो, नाही असं नाही. पण तशा १०० मुलग्यांतले ८० सरळच राहिले. आणि हे नातं दिसलं ते चोरीसारख्या गुन्ह्यांत, मारामारी-खुनात दिसलं नाही.

विज्ञानबाई_अंबाजोगाई:
न्यूझीलंडच्या २००२ च्या अभ्यासात एमएओए कमी काम करणारं आणि शिवाय लहानपणी छळ झालेला, अशा मुलांत हिंसा जास्त दिसली. म्हणून आजोळी कसं वागवलं ते विचारा. राग आला की काय करतो, दारू पितो का, हे औशात शेजारीपाजारी सांगतील.

वकील_धाराशिव:
सगळे रक्तात अडकलेत. तो बांध मिटला का? समोरच्याची पोरं आता कर्ती झाली असतील. भावकीचं वैर वारसाला शोधत येतं, मला तुमच्या बहिणीची काळजी त्यापायी वाटते. सातबारा काढा, दिवाणी दावा चालू आहे का ते ई-कोर्टवर बघा.

ज्वारीचं_कणीस:
मुलीला विचारलं का कुणी?

केजचा_भाऊ:
तिला पसंत आहे. तिनंच धागा काढायला लावला. मांजराकाठ, ते डेन्मार्कचं कुठं मराठीत असलं तर टाका, चुलत्यांना वाचून दाखवतो. वकीलसाहेब, दावा नावानं शोधता येतो का?

वकील_धाराशिव:
येतो, पक्षकाराच्या नावानं. जमीन कुठल्या तालुक्यात आहे? औसा तर आजोळ झालं, मूळ गाव सांगितलंच नाही तुम्ही.