स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी : शब्दयाद्या घोकाव्यात की वाचन वाढवावं?

राजवाडा_कट्टा: इंदूरच्या भंवरकुआँला क्लास लावलेली आपली मुलं शब्दांच्या याद्याच्या याद्या घोकतात. हे थांबलंच पाहिजे. बाजारातल्या पुस्तकांत शब्दापुढे एकच हिंदी अर्थ दिलेला असतो. 'फ्रूगल' म्हणजे कंजूस, 'स्टिंजी' म्हणजेही कंजूस! पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात नावं ठेवणं. त्यापेक्षा रोज एक इंग्रजी अग्रलेख दोनदा वाचा. पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता. दुसऱ्यांदा चार-पाचच शब्द उतरवून घ्या, अख्ख्या वाक्यासकट.

मल्हारगंजवाला: दादा, आधी परीक्षा कोणती ते सांगा. एमबीए प्रवेशाच्या कॅटला तुमचं पटतं, तिथे भर उताऱ्यांवर. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, चुकलं की 0.50 वजा. त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहासाठी एक शब्द हे सगळं थेट विचारतात. असले शब्द अग्रलेखात महिनोन्‌महिने भेटत नाहीत, आणि एकदा भेटून शब्द टिकत नाही.
यादी वाईट नाही, घोकण्याची रीत वाईट. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली पेट्यांची पद्धत वापरा. कार्डाच्या पुढे शब्द, मागे अर्थ आणि वाक्य. पहिली पेटी रोज, दुसरी तीन दिवसांनी, तिसरी आठवड्याने. आठवलं तर कार्ड पुढच्या पेटीत, चुकलं तर थेट पहिलीत. नवे शब्द दिवसाला दहाच. जास्त घेतले की पंधरवड्यात उजळणीचा ढीग साचतो आणि मुलं सोडून देतात.

सुखलिया_ताई: दोघांनीही धातू, म्हणजे शब्दांची मुळं, सोडलेत. 'डिक्ट' म्हणजे बोलणं, हे कळलं की 'प्रेडिक्ट', 'कॉन्ट्रडिक्ट', 'व्हर्डिक्ट' एकदम हाती लागतात.

राजवाडा_कट्टा: ताई, त्याच हिशोबाने 'अ‍ॅडिक्ट'चा अर्थ काढून दाखवा. धातू तोच, अर्थ भलतीकडे. 'मॅल' म्हणजे वाईट असं धरून 'मॅलिएबल'ला (ठोकून आकार देता येणारा) गेलात तर गुण गेलाच. तो शब्द लॅटिनमधल्या हातोड्यावरून आलाय. धातू आठवण ठेवायला ठीक, अंदाज बांधायला नाही.
आणि मल्हारगंजवाले, कार्डामागचं वाक्य येणार कुठून? वाचनातूनच ना? अर्थ पाठ असलेली मुलंही 'मिटिगेट अगेन्स्ट' लिहितात. 'मिटिगेट'ला (तीव्रता कमी करणं) 'अगेन्स्ट' लागत नाही, ते 'मिलिटेट'ला (विरोधात जाणं) लागतं.

मल्हारगंजवाला: वाक्य चांगल्या डिक्शनरीतही मिळतं. लांबलचक निबंध-उतारे असतील तर भाषातज्ज्ञ आव्हरिल कॉक्सहेड यांची अभ्यासाच्या इंग्रजीतल्या शब्दांची 2000 सालची यादी घ्या : 570 शब्दकुळं (एक शब्द आणि त्यापासून झालेली रूपं), रोजच्या वापरातले पहिले 2000 शब्द वगळून. फक्त एक पथ्य पाळा : समानार्थी शब्द एकाच दिवशी घेऊ नका, एकमेकांत मिसळतात. तुमचे 'फ्रूगल' आणि 'स्टिंजी'सुद्धा आठवडाभराच्या अंतरानेच.